निंबोळी अर्क मारला तरी अळी तशीच? दोष नेमका कुठं शोधायचा

सोयाबीन गुडघ्याला लागलं की ही तक्रार सुरू होते, थोडी शांत होते आणि हरभरा फुलात आला की पुन्हा डोकं वर काढते. "घरचा अर्क केला, सगळं रान मारलं, दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर अळ्या तिथंच. लिंबोळीत काही दम राहिला नाही." मग कृषी सेवा केंद्रातून कडक औषध येतं, अर्काचं पिंप गोठ्यामागं पडून राहतं आणि पुढच्या हंगामात कुणीतरी नव्या उमेदीनं तेच सगळं पहिल्यापासून करतं. सांगलीतल्या वाळव्यापासून साताऱ्यातल्या कोरेगावपर्यंत हेच ऐकायला मिळतं.

निंबोळी म्हणा की लिंबोळी, कडुनिंबाचं बी कुटून रात्रभर पाण्यात भिजवलं आणि पिळून घेतलं की झाला अर्क. लिंबोळीचा दम गेला असं म्हणून भागत नाही. झाडावरून रानापर्यंत येताना तिचं पाच-सहा ठिकाणी नुकसान होऊ शकतं. त्यातलं तुमच्याकडं कोणतं झालंय हे न शोधता लोक एकाच वेळी सगळं बदलतात, पावडर जास्त, साबण जास्त, फवारण्या जास्त. त्यानं खर्च वाढतो, कारण सापडत नाही. म्हणून आधी एक छोटी परीक्षा करा.

डब्यातली परीक्षा

मिठाईचे दोन रिकामे प्लास्टिकचे डबे घ्या, झाकणाला बारीक भोकं पाडा, तळाला कागद घाला. न फवारलेल्या सोयाबीनची सारख्या आकाराची पानं तोडा. काही पानं तुमच्या तयार अर्कात बुडवा, म्हणजे पंपात जसा भरता तसाच, साबण किंवा स्टिकरसह (स्टिकर म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य). बाकीची नुसत्या पाण्यात बुडवा. दोन्ही सावलीत वाळू द्या. ओलं पान डब्यात टाकू नका, अळी खात नाही ती ओलीमुळं की अर्कामुळं हे मग कळत नाही. प्रत्येक डब्यात बारीक अळ्या सोडा, सेंटिमीटरच्या आतल्या, पिकाच्याच. त्या आधी दोन तास उपाशी ठेवल्या तर उत्तम. हरभऱ्यावरच्या घाटेअळ्या असतील तर एका डब्यात एकच सोडा, कारण त्या एकमेकींना खातात आणि सकाळी मोजताना हिशोब चुकतो. डबे घरात सावलीला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उघडा.

पाण्याचं पान चाळणीसारखं झालंय आणि अर्काचं पान जवळजवळ शाबूत आहे, तर अर्क उत्तम आहे. दोष रानातल्या फवारणीत आहे किंवा तुमच्या अपेक्षेत. दोन्ही पानं सारखीच खाल्ली असतील तर दोष अर्कातच आहे आणि कितीही पंप मारले तरी उपयोग नाही. दोन्ही पानं शाबूत दिसली तर अळ्या कात टाकायच्या किंवा कोषात जायच्या बेतात असतील, दुसऱ्या अळ्या घेऊन पुन्हा करा.

एवढ्यानं निम्मा गुंता सुटतो. पुढचं सगळं या निकालाला धरून वाचा.

अळी जिवंत आहे म्हणून अर्क फेल?

ज्यांचा अर्क डब्यात पास झाला त्यांच्यासाठी हे आधी.

निंबोळीतला मुख्य घटक अझाडिरॅक्टिन. त्याचं काम रासायनिक औषधासारखं झटक्याचं नाही. एक तर अर्क लागलेलं पान अळीला खावंसं वाटत नाही. दुसरं, थोडं खाल्लं तरी कात टाकण्यासाठी शरीरात जे संप्रेरक लागतं त्याचा मेळ बिघडतो, अळी जुन्या कातीतच अडकते, खुरटते आणि काही दिवसांनी मरते. तिसरं, मादी पतंग अशा पानावर अंडी घालायला कचरतात. यातलं एकही काम दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या अळ्यांचा सडा पाडणारं नाही.

1962 साली दिल्लीत टोळधाड आली होती. भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या पिकावर निंबोळीच्या बियांतल्या गराचं पाणी फवारलं होतं. टोळ पिकावर उतरले, बसले, पण खाल्लं नाही. मेलेल्या टोळांचा ढीग लागला अशी ती गोष्ट नाही, पीक वाचलं अशी आहे.

म्हणून तिसऱ्या दिवशी रानात गेल्यावर अळ्या मोजण्याआधी नवं पान बघा. शेंड्याकडची फवारणीच्या वेळची कोवळी पानं कुरतडलेली आहेत का? पानांवर ओली, ताजी विष्ठा आहे का, की जुनी वाळलेली? अळ्या सुस्त, काळपट, आहे तेवढ्याच आकाराच्या आहेत का? पानं शाबूत, विष्ठा वाळलेली आणि अळ्या सुस्त असतील तर दम धरा. फवारणीनंतर आठवडाभरानं खरा फरक मोजता येतो. डब्यातल्या अळ्यांना दुसऱ्या दिवशी साधं ताजं पान देऊन आणखी आठवडाभर बघितलंत तर हेच डोळ्यांसमोर घडताना दिसेल.

मोठ्या अळीवर मात्र याचा जोर चालत नाही. करंगळीएवढी जाड झालेली तंबाखूवरची पाने खाणारी अळी अर्कानं आवरत नाही, हे सरळ मान्य करावं. ती वेळ गेलेली असते. सोयाबीनमध्ये पानाच्या खालच्या बाजूला तिचा भुरकट केसांनी झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसतो, त्यातून निघालेल्या बारीक अळ्या घोळक्यानं राहतात आणि पान जाळीदार, कागदासारखं करून टाकतात. असं पान दिसलं की ते तोडून साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि अर्क त्याच आठवड्यात मारायचा. हरभऱ्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतही 5 टक्के निंबोळी अर्काची (शंभर लिटर पाण्याला पाच किलो बी) जागा पहिल्या फवारणीची आहे, पीक फुलात येताना. घाटे पोखरले गेल्यावरची नाही.

अर्क डब्यातच नापास झाला, तर पहिला संशय लिंबोळीवर

निंबोळीत अझाडिरॅक्टिन साधारण 0.2 ते 0.6 टक्के असतं. झाडानुसार, वाळवण्यानुसार, साठवणीनुसार ते बदलतं. कागदावर हिशोब करा: गरात 0.3 टक्के धरलं आणि लिटरला 50 ग्रॅम गर टाकला, तर त्यात एकूण दीडशे मिलिग्रॅम अझाडिरॅक्टिन आलं. त्यातलं निम्मंच पाण्यात उतरलं तरी लिटरला 75 मिलिग्रॅम. दुकानातलं 1500 पीपीएम निमऔषध (म्हणजे त्याच्या एका लिटरमध्ये साधारण दीड ग्रॅम अझाडिरॅक्टिन) लिटरला 5 मिली टाकलं तर लिटरमागं साडेसात मिलिग्रॅम येतं. म्हणजे नीट केलेला घरचा अर्क बाटलीपेक्षा हलका असण्याचं कारण नाही. तो पाण्यासारखा निघतोय तर आधी बीच बिघडलं असावं असं धरा.

आपल्याकडं लिंबोळ्या पिकतात त्या जूनपासून, ऐन पहिल्या पावसात. झाडाखाली पडून चिखलात माखलेली, दोन दिवस भिजलेली लिंबोळी झाडून पोत्यात भरली की आतून बुरशी धरते. तसल्या बियांची पावडर करताना उडणारी धूळ माणसालाही चांगली नाही, कारण त्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. पिवळी पिकलेली लिंबोळी रोजच्या रोज गोळा करायची, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी चोळून सालीखालचा चिकट भाग काढून टाकायचा, बी धुवायची आणि सावलीत वाळवायची. पत्र्यावर कडक उन्हात नाही. भरायची गोणपाटात किंवा टोपलीत, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. बी फोडून बघा, आतला गर हिरवट-पिवळसर आणि तेलकट हवा. काळा पडलेला, भुरा झालेला किंवा खवट वासाचा निघाला तर ते बी उकिरड्यावर.

वयाचंही आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठ सांगतं की बी निदान तीन महिन्यांचं असावं आणि आठ-दहा महिन्यांपेक्षा जुनं नसावं. आपल्या हिशोबानं, यंदा जून-जुलैत गोळा केलेलं बी हरभऱ्याला अगदी योग्य वेळेला येतं. पण जुलै-ऑगस्टच्या सोयाबीनसाठी जे वापरलं जातं ते बहुतेक मागच्या वर्षीचं असतं, वर्ष उलटलेलं. खरिपात अर्क चालत नाही आणि रब्बीत चालतो, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यातल्या पुष्कळांचं उत्तर इथंच आहे. खरिपाला जुनंच बी वापरायची वेळ आली तर डब्यात तपासल्याशिवाय वापरू नका, किंवा सरळ बाटलीतलं घ्या.

तयार पावडर विकत घेत असाल तर ती पेंडीची आहे की बियांची हे विचारा. तेल काढून उरलेली पेंड जमिनीत घालायला चांगली, हळदीला, उसाला लोक घालतातच. फवारणीच्या अर्काला मात्र अख्ख्या बियांची पावडर लागते. आणि शंभर लिटरचं पाच किलो म्हणजे टरफलासह की नुसता गर? टरफलाचं वजन जवळजवळ निम्मं असतं. नुसता गर घेत असाल तर पाच किलो पुरतो. टरफलासह कुटत असाल आणि निकाल कमी वाटत असेल तर वजन वाढवून बघायला हरकत नाही.

एक फसवणूक झाडाचीच होते. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात बकाण निंब लावलेला असतो. त्याची गोल पिवळी फळं पानं गळाल्यावरही हिवाळाभर घोसानं लटकत राहतात, गोळा करायला सोपी, म्हणून पोतंभर जमतात. हा कडुनिंब नव्हे. त्याचं बी गोल, दगडासारखं टणक आणि उभ्या कंगोऱ्यांचं असतं. कडुनिंबाचं लांबट, गुळगुळीत. फुलंही बघा, कडुनिंबाची पांढरी, बकाणाची जांभळट. बकाणात कीटकांना नको वाटणारं काही असतं हे खरं, पण अझाडिरॅक्टिन धरून केलेली कोणतीही मात्रा त्याला लागू नाही, आणि त्याची फळं जनावरांना विषारी आहेत. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात खरा कडुनिंब बांधाबांधाला आहे. पाटण-महाबळेश्वरकडच्या जोराच्या पावसात तो फारसा होत नाही, तिकडच्यांनी पूर्वेकडून बी मागवलेलं बरं.

पाल्याचं काय, असं विचारणारे असतात. पानांत अझाडिरॅक्टिन बियांच्या मानानं फारच कमी. पाला उकळून केलेला काढा तर त्याहून वाईट, कारण उष्णतेनं ते मोडतं. बीही उकळू नका. गिरणीतून तापून, तेल सुटून निघालेली पावडरही टाळा. थोडं थोडं कुटायचं, आणि भिजवायच्या दिवशीच.

पाणी आणि साबण: सांगलीकडचा मोठा घोटाळा

बी चांगलं, वजन बरोबर, तरी अर्क नापास. तेव्हा बोअरकडं बघा. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात आणि पूर्वेकडच्या खोल बोअरना जड पाणी लागतं, ज्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते. अशा पाण्याचा सामू (पीएच, पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, सातच्या वर अल्कधर्मी) आठाच्या वर जाणं नेहमीचं. अझाडिरॅक्टिन किंचित आम्ल पाण्यात टिकतं आणि अल्कधर्मी पाण्यात मोडतं. सामू जितका वर आणि पाणी जितकं कोमट, तितकं लवकर.

एका रात्रीत सगळं संपतं असं नाही. आठ सामूच्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी मारलं तर पुष्कळसं शिल्लक असतं. पण गडी आला नाही, पाऊस आला, लग्नाला जायचं निघालं म्हणून तेच पिंप उन्हात दोन-तीन दिवस राहिलं, की त्यात कडू वास आणि रंग उरतो, काम उरत नाही. वासावरून अर्काची ताकद ठरवता येत नाही. वास तेलाचा आणि गंधकाच्या संयुगांचा असतो.

याहून मोठी गोष्ट साबणाची. शिफारशीत शंभर लिटरला 200 ग्रॅम साबणाचा चुरा असतो, अर्क पानावर पसरावा, चिकटावा म्हणून. घरात काय असतं? कपडे धुवायची पावडर. तिच्यात सोडा असतो, आणि त्या प्रमाणात ती पाण्याचा सामू दहाच्या आसपास नेते. ती पावडर जर लिंबोळीबरोबर आदल्या रात्रीच भिजवली, आणि कित्येक जण "चांगला अर्क उतरतो" म्हणून तसंच करतात, तर सकाळी पंपात भरताय ते मुख्यतः सोड्याचं पाणी. वर त्यानं कोवळ्या पानाच्या कडाही करपतात. मग निंबोळीनं पीक जळालं अशी आणखी एक तक्रार जन्माला येते.

अंगाचा किंवा जुना गोळा साबण घेतला तर जड पाण्यात तो फुटतो. वर पांढरा साका तरंगतो, नोझल तुंबतं, अर्क पानावर थेंबाथेंबानं बसून ओघळतो. आणि सामू उतरवायला पाण्यात आम्ल घालून वर साबण टाकला तरीही साबण फुटतोच. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

यातून सोपी वाट अशी. पाणी शक्यतो पावसाचं, नाहीतर कॅनॉलचं किंवा नदीचं घ्या. बोअरचंच असेल तर पीएच पट्टीनं सामू बघा, द्राक्षबागायतदाराकडं मीटर असतंच. आठाच्या वर असेल तर लिंबूसत्त थोडं थोडं विरघळवत सहा-साडेसहावर आणा. किती लागेल हे पाण्यावर आहे, म्हणून शंभर लिटरला इतके ग्रॅम असा आकडा कुणी सांगितला तरी तो डोळे झाकून टाकू नका. बादलीभर पाण्यावर आधी बघा. आणि साबणाऐवजी दुकानातलं साधं, सामूला न हलवणारं स्टिकर वापरा, किंवा रिठ्याचं पाणी. रिठ्याचा फेस जड पाण्यातही टिकतो आणि त्याचं पाणी किंचित आम्लाकडं झुकतं. साबणच वापरायचा झाला तर पाण्यात आम्ल घालू नका, साबण अगदी शेवटी, पंप भरताना टाका आणि लगेच मारा.

पाण्याचा संशय पक्का करायचा असेल तर पुन्हा डबे. त्याच पावडरीचे 50 ग्रॅम एक लिटर पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात आणि 50 ग्रॅम एक लिटर बोअरच्या पाण्यात रात्रभर भिजवा, दोन्हींत वेगवेगळी पानं बुडवा. दोन्ही पानं सारखीच खाल्ली गेली तर पाणी निर्दोष, मागं जाऊन बी बघा.

पंपाला किती?

इथं चुका साध्या असतात पण फार होतात. पाच किलो पावडर फडक्यात बांधून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवली. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात वरचेवर पिळली, चोथ्यावर पुन्हा थोडं पाणी घालून पिळलं आणि सगळं मिळून दहा लिटर केलं. हे शंभर लिटर फवाऱ्याचं औषध झालं. म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला दीड लिटर. रासायनिक औषधाच्या झाकणाची सवय लागलेला हात अर्धा लिटर टाकून मोकळा होतो, आणि 5 टक्क्यांचा अर्क पावणेदोनच्याही आत येतो.

एकरी पाण्याचंही तसंच. दाटलेल्या सोयाबीनला हातपंपानं एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे दहा किलो बी. पाच-सहा पंपांत एकर उरकणाऱ्यांना वरची पानं तेवढी मिळतात. हा अर्क पानावर जिथं बसला तिथंच काम करतो, आणि अळी बसते खालच्या बाजूला. मक्याच्या लष्करी अळीला तर नोझल पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, धरल्याशिवाय काहीच साधत नाही.

दिवसाची कोणती वेळ

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. ऊन अझाडिरॅक्टिनला मोडतं, सकाळी दहाला मारलेला अर्क दिवसभराच्या उन्हात बराच खर्ची पडतो. शिवाय तंबाखूची अळी दिवसा मातीच्या ढेकळांत, पालापाचोळ्यात दडते आणि रात्री खायला वर येते. संध्याकाळी मारलेल्या अर्काशी तिची गाठ पहिल्याच रात्री पडते. मधमाश्याही तोवर घरी गेलेल्या असतात. अर्काचा जोर पानावर पाच-सात दिवस धरा. अळीची नवी पिढी निघत असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारावं लागतं, एकदाच मारून हंगाम निघत नाही. शिराळ्याकडं, कराडच्या पश्चिमेला ऑगस्टात उघडीपच मिळत नाही. तिथं फवारणीनंतर चार-पाच तास तरी पाऊस नसेल असा दिवस मिळेपर्यंत थांबलेलं परवडतं, धुऊन गेलेल्या अर्कापेक्षा.

पंपात दुसरं काय काय मिसळता तेही बघा. द्राक्षपट्ट्यात बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) सर्रास असतं, त्यात चुना आहे, म्हणजे सामू पुन्हा वर. बोर्डोत निंबोळी अर्क मिसळणं म्हणजे अर्क ओतून देणंच. गंधकाच्या फवारणीला लागून निमतेल मारलं तर पानं आणि मणी करपतात, मध्ये चांगला खंड ठेवा. द्राक्षात मणी धरल्यावर घरचा गढूळ अर्क मारूच नये, मण्यावरची पांढरट पावडर निघते, डाग राहतात, आणि व्यापारी भाव पाडायला निमित्तच शोधत असतो. फुलोऱ्याच्या आधी फुलकिड्यांसाठी ठीक. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

जिथं अर्क चालणारच नाही

काही तक्रारींत अर्काचा, पाण्याचा, फवारणीचा कशाचाच दोष नसतो, कीडच वेगळी असते. उसातली हुमणी जमिनीखाली मुळं खाते, पानावरच्या फवाऱ्याचा तिच्याशी संबंध येत नाही. सोयाबीनमधला चक्रीभुंगा देठाला दोन गोल खाचा पाडून आत अंडं घालतो, अळी खोडाच्या आत. खोडमाशीचंही तेच. वांग्यातली शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की बाहेरून कितीही कडू करा. तिथं मान टाकलेला शेंडा खुडून नष्ट करणं आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून पकडणारे) हेच खरं काम. मिलीबगच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यावरून अर्क घरंगळतो. तुडतुडे, मावा, पांढरी माशी, फुलकिडे, पानं खाणाऱ्या लहान अळ्या आणि नागअळीची सुरुवात, एवढं निंबोळीचं क्षेत्र. कीड ओळखण्यात शंका असेल तर पान, अळी डबीत घालून बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. अर्धा दिवस मोडेल, पण फुकट जाणारी फवारणी वाचेल.

करंज आणि सीताफळ

लिंबोळी न मिळणाऱ्या पश्चिमेकडच्यांकडं करंज असतो, ओढ्याकाठी, नदीकाठी. करंजीच्या बियांचा 5 टक्के अर्क याच पद्धतीनं करता येतो, तोही मुख्यतः अळीचं खाणं तोडतो. लिंबोळीत मिसळूनही लोक मारतात. डब्यात तपासून घ्या, एवढंच.

सीताफळाच्या बियांचं मात्र वेगळं आहे. त्यातली अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं कीटकाच्या पेशीतली ऊर्जानिर्मितीच बंद पाडतात, म्हणून तो अर्क खरंच मारतो आणि लवकर मारतो. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" असं म्हणून लोक ते बी घरच्या मिक्सरवर वाटतात. ते करू नका. सीताफळाच्या बियांची धूळ किंवा रस डोळ्यात गेला तर बुबुळाच्या पडद्याला जखम होते, भयंकर आग होते, काही दिवस दिसणं अवघड होतं. उवांसाठी डोक्याला हे बी लावून डोळ्यांना इजा करून घेतलेल्यांवर आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी लिहिलेलं आहे. कुटायचंच असेल तर वेगळ्या खलबत्त्यात, गॉगल, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, पोरांना लांब ठेवून. डोळ्यात गेलंच तर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा आणि सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. हा अर्क मित्रकीटकांनाही सोडत नाही आणि माशांना विषारी आहे, त्यामुळं पंप शेततळ्यावर किंवा ओढ्यात धुवायचा नाही, उरलेलं पाणी विहिरीपासून लांब पडीक जागेत ओतायचं.